पायाखालची ओल

गाडी पाणी पीत होती, आणि पाणीकाकांना ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

ज्या माणसाने छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात राहून रस्त्याखालच्या गळत्या शोधल्या, ज्याला आजही शेजारीपाजारी नळाचा वॉशर बदलायला अदबीने बोलावतात, त्याच्याच दारातल्या गाडीतून दर चार दिवसांनी अर्धी बाटली कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, नाहीसं व्हावं आणि खाली फरशीवर थेंबही दिसू नये, ही चारचौघांत बोलण्यासारखी गोष्ट नव्हती. म्हणून काका सकाळी फिरायला निघताना आजूबाजूला बघून बॉनेट उघडत, भर घालत आणि गाडी दुसऱ्याच कुणाची असल्यासारखे चालू लागत.

गाडी बावीस वर्षांची, काका एकाहत्तरचे. दोघांबद्दलही मुलाची मतं पक्की होत आली होती. मुलगा वाईट नव्हता. उलट फारच चांगला होता, आणि काकांची अडचण तीच होती. वाईट माणसाशी भांडता येतं. हा मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मी आहे ना" म्हणायचा. त्याच्या "मी आहे ना"चा अर्थ काकांना अनुभवाने ठाऊक होता : मागच्या सीटवर, नातवाची खुर्ची आणि बाजाराच्या पिशव्या यांच्या मधोमध बसायचं, त्याला वेळ असेल तेव्हा निघायचं, आणि त्याला जांभई आली की उठायचं.

काकूंना हे मुळीच चालणारं नव्हतं. दर गुरुवारी टेकडीवरच्या थोरल्या बहिणीकडे जायचं आणि दिवे लागेपर्यंत बोलायचं, हा त्यांचा नेम होता. दोघी बहिणींना नुसत्या प्रस्तावनेलाच दीड तास लागे. जाताना गाडीतही काकू तोंडाला उसंत देत नसत. त्यांच्या बाजूची काच अलीकडे आतून धुरकट होऊ लागली, तेव्हा काकांनी त्याचं कारण एका शब्दात सांगितलं होतं : बडबड. काकूंनी नाक मुरडलं आणि पदराने काच पुसली.

मागच्या गुरुवारी टेकडीच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. बॉनेटखालून वाफ आली. काकूंनी तत्परतेने आपली पाण्याची बाटली पुढे केली, पण तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं, असं काकांनी खेकसून सांगितलं. शिवाय त्या बाटलीत पाणी राहतंच कुठे, सगळं तर सीटवर असतं, हेही जोडलं. एकोणतीस वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना काकूंच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं आणि काका ओल्या विजारीने मांडवात उतरले होते. तेव्हापासून ही गोष्ट त्यांनी ऐकणारा मिळेल तिथे सांगितली होती, आणि दर खेपेला विजार थोडी जास्त ओली केली होती.

मुलगा आला, दोरी लावून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे थंडोबा म्हणत. तापलेली गाडी आणि तापलेला मालक यांच्यामध्ये उभा राहूनही त्याचा आवाज कधी चढत नसे. त्याने रेडिएटर पाहिला, बाहेरून कोरडा. पाइप चाचपले, कोरडे. पाण्याचा पंप, रेडिएटरचं झाकण, सगळं जागच्या जागी. इंजिनात ऑइल आणि पाणी मिसळलं की दुधाळ साय धरते, तीही नव्हती. तरी त्याचं मत झालं, की जे पाणी बाहेर पडत नाही ते इंजिन आतच जाळतंय. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालचं पाणी अडवणारं अस्तर, गेलं. म्हणजे इंजिन खोलायचं.

मुलाने हिशेब मनातच केला आणि तोंडाने फक्त "मी आहे ना" म्हटलं. शनिवारी दुपारी चारला जुन्या गाड्या मोडीत घेणारा माणूस येणार, असं ठरलं. काकांनी एवढंच मागून घेतलं, की शनिवारी सकाळी शेवटची एक तपासणी त्यांच्यासमोर व्हावी.

शनिवारी काका गॅरेजात आले ते एक काठी घेऊन. कमरेएवढी लोखंडी कांब, वर तळहाताच्या घासण्याने गुळगुळीत झालेली लाकडी वाटी. कांब जमिनीला टेकवायची, वाटी कानाला लावायची, आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना घड्याळ दिलं होतं आणि काकांनी ही काठी मागून घेतली होती. घड्याळ केव्हाच बंद पडलं.

काकूही आल्या होत्या. घरी बसून निकालाची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थर्मासमध्ये चहा होता आणि दुसऱ्या हातात ती बाटली.

थंडोबाने थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंप लावला आणि आत हवेचा दाब भरला. पंपावरचा काटा वर चढला, क्षणभर थांबला आणि हळूहळू खाली यायला लागला. कुठूनतरी वाट होती, एवढं सिद्ध झालं. थंडोबाने प्लग काढून आत बॅटरीचा उजेड मारला. पाणी तिथे नव्हतं. त्याने डोकं खाजवलं. असं कधीकधी होतं, हेड उचलल्याशिवाय खरं कळत नाही, म्हणाला.

काकांनी काठी लावली. आधी रेडिएटरला, मग पाण्याच्या पंपाला, मग इंजिनाच्या अंगाला. डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं. शेजारच्या गाडीवर पान्याची ठोकाठोक चालली होती, ती थंडोबाने हात वर करून थांबवली. खूप वेळाने काका म्हणाले, की इंजिन मुकं आहे. बारीक सूं ऐकू येतंय ते इंजिनामागच्या पत्र्याकडून, आणि ते पत्र्याच्या पलीकडे जातंय. पण पलीकडे कुठे, ते काही केल्या कळेना.

बाजूला काकूंचे गुडघे बोलू लागले होते. त्यांनी गाडीचं डावीकडचं दार उघडलं, रोजच्या जागी बसल्या, आणि सवयीने पायाखालचा रबरी पायपोस उचलून दाराबाहेर झटकला आणि वाळायला दारावर टाकला.

थंडोबा बघत होता.

"काकू, हे काय करताय?"

"कुठं काय," काकू म्हणाल्या. एवढं छोटं उत्तर त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत दिलं नसावं. काका काठी टाकून तिकडे गेले.

मग सगळं बाहेर आलं. चार महिने तो पायपोस ओला होत होता. काकूंना वाटलं, आपलीच बाटली गळतेय. त्यांनी झाकण बदललं, मग बाटली बदलली. शेवटी बाटली पिशवीत आणि पिशवी मांडीवर ठेवू लागल्या, तरी खाली ओल यायचीच. हे यांना कळलं, तर लग्नाच्या विजारीला पायपोसाची जोड मिळेल आणि दोन्ही गोष्टी एकदम ऐकाव्या लागतील, म्हणून दर गुरुवारी घरी आल्यावर गुपचूप पायपोस काढायचा, गच्चीवर वाळवायचा, सकाळी जागच्या जागी. गाडी गॅरेजात पाठवण्याआधीसुद्धा त्यांनी तो कोरडा करून दिला होता. परक्यासमोर घरचं ओलं कशाला.

काकांनी पायपोसावर बोटं फिरवली. बोटं एकमेकांना चिकटली. वास घेतला. गोडसर, कूलंटचाच होता.

"अगं, पाणी चिकट असतं का?"

"मला वाटलं, तुमच्या खोकल्याच्या गोळ्या पडल्या असतील. तुम्ही त्या कुठेही टाकता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या. "नोकरीत असताना गल्लीतल्या सगळ्या बायकांना विचारत हिंडायचात."

थंडोबाने तोंड फिरवून चहा ओतून घेतला. गोष्ट खरी होती. खात्यात नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवत : काठी नंतर, आधी दार वाजवा. घरातल्या बाईला विचारा, कुठल्या फरशीला पाय गार लागतो, कुठल्या कोपऱ्यात शेवाळ धरतं. निम्म्या गळत्या त्यांना अशाच सापडल्या होत्या. सगळ्या शहराला विचारून झालं होतं, फक्त एक घर राहिलं होतं.

थंडोबा म्हणाला, की डॅशबोर्डखाली हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, त्यानेच गाडीत ऊब येते. तो आतल्या आत झिरपला तर बाहेर थेंब दिसत नाही, काच मात्र आतून धुरकटते. काकांनी काचेचा विषय वाढवला नाही. त्यांनी काठी उचलली, वाकून डॅशबोर्डखाली टेकवली आणि कान लावला. मग कान काढून काकूंपुढे वाटी केली. "ऐक."

काकूंनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याचं काम ऐकू आलं. "मांजर फिस्कारल्यासारखं," त्या म्हणाल्या, आणि काका म्हणाले, अगदी तसंच.

हीटरला जाणारे दोन पाइप सोडवून थंडोबाने ते एकमेकांना जोडून टाकले, पुन्हा दाब भरला. काटा चढला आणि खिळ्याने ठोकल्यासारखा उभा राहिला. नवा हीटर थंडीच्या आधी बसवायचा, असं काकूंनी तिथल्या तिथे बजावलं, कारण गुडघे त्यांचे होते. कूलंट भरून, अडकलेली हवा काढून थंडोबाने चावी काकांच्या हातावर ठेवली. हेड गॅस्केटबद्दल आपण चुकलो, हे त्याने तोंडाने म्हटलं नाही. पण चहाचा कप मात्र स्वतः धुऊन काकूंना परत दिला. त्याच्या बाजूने एवढं पुष्कळ होतं.

चार वाजता मुलगा मोडवाल्याला घेऊन आला. काकांनी त्या गृहस्थाला चहा पाजून परत पाठवलं आणि मुलाला म्हणाले, "बस. चढावर चक्कर मारून येऊ."

मुलगा पुढचं दार उघडायला गेला. पुढे काकू बसल्या होत्या, कोरड्या पायपोसावर पाय ठेवून. तो मागे बसला. काठी पुढे मावेना, म्हणून ती त्याच्या मांडीवर आडवी आली. चढावर त्याची नजर दोन सीटच्या मधून काट्यावर होती. काटा मधोमध होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. अर्ध्या चढावर मुलाने विचारलं, की परत किती वाजता.

"मी आहे ना," काका म्हणाले.

गाडी बहिणीच्या दाराच्या दिशेने वळली, शनिवार असूनही. वळणावर काकांनी आवाज जरा खाली आणला आणि विचारलं, घरात आणखी कुठे ओलं आहे का.

काकू विचारात पडल्या. मग म्हणाल्या, स्वयंपाकघरात, ओट्याखाली, डाव्या कोपऱ्यात. दोन वर्षं झाली.

"दोन वर्षं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही भिंत फोडली असती," काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून बाटली काढून, झाकण घट्ट आहे ना ते बघून, दोन घोट पाणी प्यायल्या.