कोकमाची बाटली

माझ्या नवऱ्याने, आमोदने, धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बार मांडला तेव्हा मी काही बोलले नाही. चाळिशीत कोणी सायकल घेतं, कोणी डोंगर चढतं. ह्याने शोकेसमधल्या माझ्या वक्तृत्वाच्या ढाली माळ्यावर टाकल्या आणि तिथे बाटल्या लावल्या. माणूस मात्र पद्धतशीर. साखरेचा पाक घरी करायचा, लिंबू आयत्या वेळी पिळायचं, सगळं मापाने ओतायचं. बर्फ कमी घातला की कॉकटेल उलट लवकर पातळ होतं, हे त्याने इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्या रविवारी दुपारी दादा जेवायला येणार होता. दिगंबरदादा, माझा मोठा भाऊ, एक वर्ष आठ महिने दारूला शिवला नव्हता. नंदावहिनी मुलीला घेऊन विश्रांतवाडीला माहेरी राहत होती. तिने सरळ सांगितलं होतं, दोन वर्षं कोरडी काढा, मग येते. एक घोट गेला तर पुन्हा पहिल्यापासून. चार महिने उरले होते. दादाइतकेच ते मीही मोजत होते.

घरात एकही बाटली दिसता कामा नये, असं मी आमोदला सकाळीच बजावलं. त्याने कुरकुर न करता सगळं बेडरूमच्या कपाटात कोंबलं आणि कुलूप लावलं. ढाली शोकेसमध्ये परत आल्या. मला फार बरं वाटलं.

दादा आला तो घामाघूम. आमोद श्रीखंड आणायला गेला होता आणि माझ्या कोथिंबिरीच्या वड्या कढईत होत्या. मी फ्रीज उघडला. दारात माझ्याच अक्षरातली ‘कोकम सरबत’ची चिठ्ठी लावलेली बाटली होती. ग्लासात ओतलं, गार पाणी आणि जिरेपूड घातली, दादाच्या हातात दिलं आणि कढईकडे पळाले.

दहा मिनिटांनी आमोद आला. श्रीखंड ठेवायला त्याने फ्रीज उघडला आणि तसाच उभा राहिला. मग त्याने गॅस बंद केला. आजवर त्याने कधी गॅस बंद केलेला नाही.

“दारातली बाटली कुठंय?”

दादाला सरबत दिल्याचं मी सांगितलं.

“नीरजा, त्यात जिन आहे. आमसुलं भिजत घातली होती मी. तूच दिलीस ना ती बाटली धुऊन?”

मीच दिली होती. आमच्याकडे काचेची बाटली कोणी फेकत नाही. त्याने रिकामी मागितली, मी घासून दिली, चिठ्ठी तशीच राहिली. आत कोकमच आहे म्हणून त्यानेही बदलली नाही, आणि कुलूप लावताना त्याला फ्रीज आठवला नाही. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

स्वयंपाकघरातून दादाची फक्त पाठ दिसत होती. आमोद कुजबुजला की गप्प राहू, ग्लास बदलून देऊ. त्याला कळलंच नसेल तर वहिनीला तरी कोण सांगणार? क्षणभर मला ते पटलं, हे कबूल करते. मग मी बाहेर गेले.

ग्लास जवळजवळ काठोकाठ भरलेला होता. पँटवर लाल थेंब सांडले होते. दादाने वर पाहिलं नाही.

“नाकाशी नेला तेव्हाच कळलं,” तो म्हणाला. “आधी वाटलं, तू माझी परीक्षा बघतेयस. मग तू आत गुणगुणत होतीस ते ऐकलं.”

मग खाली का नाही ठेवलास, हाक का नाही मारलीस, असं मी चिडूनच विचारलं. खरं तर मी घाबरले होते.

“हाक मारायला तोंड उघडलं असतं ना, तर प्यायलो असतो. खाली ठेवता येत नाहीये, नीरू. तू घे.”

मी ग्लास धरला, पण त्याची बोटं सुटेनात. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागले. बोटं गार पडली होती. आमोद दारात उभा होता. शेवटी अंगठा निघाला आणि मला रडूच फुटलं. मी ग्लास तसाच हातात धरून बसले होते.

दादाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“रडणं नंतर,” तो म्हणाला. “आधी तो लांब ने.”