सोनकुंडीकडचा साकव

साकव कोणाचा, हे मला इचारू नका. ऐकलं की टाळकं फिरतं माझं. आमचं वेळुंडे शहापूर तालुक्यात, नदीपल्याडचं सोनकुंडी मुरबाड तालुक्यात, आणि मधल्या डोहावरचा साकव दोघांचा.

आधी काय झगडा नव्हता. दसरा झाला, पाणी उतरलं, की दोन्ही गावची माणसं कोयते घेऊन नदीवर यायची. इकडून आमी वासे टाकत जायचो, तिकडून ते. मधला वासा बसवायला दोघांकडचा एकेक गडी. काय थट्टा चालायची! "ए सोनकुंडीवाले, सकाळी भाकर नाय खाल्ली काय?" मग एक नारळ फोडायचा नि वाटून खायचा.

मग पंचायती आल्या. दोन्ही गावांनी घरपट्टी गोळा करून दगडी खांब बांधले, वर फळ्या ठोकल्या. इथवर बरं झालं. पण आमी पंच शहाणे! मधल्या खांबावर चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या इकडची डागडुजी वेळुंड्यानं करायची, तिकडची सोनकुंडीनं, कोणी कोणाच्या भागाला हात लावायचा नाय. हा ठराव मीच मांडलेला. माझं नाव महिपत, मी आमच्या पंचायतीचा सरपंच होतो.

तीन पावसाळ्यांत फळ्या कुजल्या. एकोणचाळीस साली आमी आमचा भाग नवा केला. सोनकुंडीचे पंच आपसात भांडत बसले, त्यांचा ठरावच होईना. तिकडच्या लोकांनी खांबांवर नुसते दोन बांबू बांधले. एकटा माणूस जीव मुठीत धरून यायचा. आमच्याकडं सागाच्या पुष्कळ फळ्या उरल्या, त्या मी माझ्या अंगणात रचून ठेवल्या.

कार्तिकात देवराम आला. देवराम माझा व्याही, माझी भागी त्याच्या घरी सोनकुंडीला दिलेली. तिला सातवा लागलेला. पयलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत. पण बांबूवरून पोटुशी बाई आणायची कशी?

"व्याही, त्या फळ्या द्या," देवराम बोलला. "आमीच ठोकतो. अर्ध्या दिवसाचं काम."

मी सुपारी कातरत होतो. बोललो, "वेळुंड्याच्या घरपट्टीच्या फळ्या सोनकुंडीला? वा रे वा! आज आमी दिल्या की तुमचे पंच जलमभर झोपून राहतील. त्यांना जाऊन हलवा की."

"पोर तुमची हाय, व्याही."

"अजून दोन म्हैने हायत."

ओटीवरचे चौघे हसले. कोणीतरी बोललं, "बरोबर बोललास, सरपंच." झालं, माझी छाती फुगली. देवराम पाणी न पिता उठून गेला. माझी बायको लहानी बाहेर आली नि बोलली, "अक्कल गहाण टाकलीत काय? लेकीपेक्षा ठराव मोठा झाला?" मी तिच्यावर खेकसलो, बायकांना पंचायतीतलं काय कळतं म्हणून. कोणीतरी तिथंच माझं थोबाड फोडायला पायजे होतं.

आठव्या म्हैन्यातच भागी अडली. दुपारी पल्याडून हाका आल्या. सकाळपासून सुईणीनं हात टेकलेले, म्हणून चौघांनी तिला डोलीत घालून आणलेली, शहापूरच्या दवाखान्यात न्यायला. बांबूवरून डोली येणार कशी? नदीपल्याड भागी गुरासारखी ओरडत होती.

मी धावत घरी गेलो, गड्यांना हाका मारल्या, फळ्या खांद्यावर मारल्या नि रेघेच्या पलीकडं ठोकायला बसलो. घाईत खिळे वाकत होते. सोनकुंडीचे गडी न सांगता हाताखाली आले. सगळं उरकलं तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. एवढंच काम होतं हो, एवढंच! पण तेवढ्यात पोरीचं लुगडं रक्तानं भिजून गेलेलं.

डोली साकवावर आली. मी बाजूनं चालत होतो. भागीनं डोळे उघडले, खालच्या नव्या फळ्या बघितल्या.

"बा, तू घातलास साकव?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तिनं सासऱ्याकडं मान वळवली. "बघा मामा, तुमी बोललात फळ्या कुठंच मिळत नाय. माझ्या बापानं आणल्याच ना शोधून?"

म्हणजे देवरामनं तिला काय सांगितलंच नव्हतं. इतके दिवस त्या माणसानं माझी अब्रू झाकून ठेवली होती. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं नि बोलला, "व्हय गो पोरी. तुझ्या बापानंच आणल्या."

शहापूर दिसायच्या आधीच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

म्हैन्याभरानं आमच्याच पंचांनी मला बोलावलं. ठराव नसताना फळ्या सोनकुंडीच्या भागात कशा गेल्या, त्याचा जबाब द्या, बोलले. मी सरपंचकी त्यांच्या तोंडावर फेकून आलो. आज ह्याला सहा वर्सं झाली. लहानी त्या दिसापासून माझ्याशी बोलत नाय, ते मी समजू शकतो. देवरामनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर त्यापण खाल्ल्या असत्या. पण माझी लेक मरताना माझ्यावर खूश होती, ते मला सोसत नाय.