पाच पिल्लांची नोंद

आमच्या घरात थापेला एक नियम आहे. थापेत एक तरी प्राणी असलाच पाहिजे.

नियम माझ्या बायकोचा, अरुणाचा. नात गार्गी पाच वर्षांची असताना मी तिला सहज म्हणालो, "तुझी आजी रुसून कायमची पुण्याला गेली." अरुणा खाली आमच्या वस्तीच्या, हौगांगच्या बाजारात कोथिंबीर घेत होती. ती वर येईपर्यंत पोरीनं रडून रडून ताप आणला. अरुणा माझ्यावर अशी कडाडली की शेजारच्या चिनी बाईंनी दार उघडून पाहिलं. "अहो, मारा हव्या तेवढ्या थापा! पण त्यात प्राणी घालत जा, म्हणजे पोरीला कळेल. प्राणी नसेल ते खरं."

पंधरा वर्षं मी नियम पाळला. आमच्या लिफ्टमध्ये पाणमांजर शिरलं आणि त्यानं नवव्या मजल्याचं बटण दाबलं. मोंबासाच्या बंदरात सिंह रांगेत उभा राहिला आणि माझी पाळी आल्यावर म्हणाला, आधी तुम्ही. खरं म्हणजे मोंबासाला मी बोटीवरचा कारकून म्हणून अकरा दिवस होतो, आणि सिंह पाहिला तो बिस्किटाच्या डब्यावर. पण या सिंहापायी गार्गी विद्यापीठात प्राण्यांच्या अभ्यासाला गेली, आणि २०१६च्या जूनमध्ये तिची केनियातल्या गवताळ रानावरच्या सहा आठवड्यांच्या शिबिरासाठी निवड झाली. साऱ्या वर्गातून बारा जण.

"माझी नात समुद्रापलीकडे लेंड्या मोजायला चालली," अरुणा सगळ्यांना फोनवर सांगायची.

"आजी, लेंड्यांवरूनच कळतं ला! कोण आलं, काय खाल्लं, कधी गेलं." इथल्या सगळ्या पोरांसारखा तिच्याही तोंडी तो 'ला' असायचा.

"आणि तुझ्या आजोबांचा सिंह भेटला तर विचार, रांगेत उभा होतास का म्हणून."

गार्गी गेली आणि नवव्या दिवशी अरुणाच्या पोटदुखीला नाव मिळालं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत. अरुणानं मला, मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. "गार्गीला सांगायचं नाही. ती सगळं टाकून येईल आणि उशाशी रडत बसेल. सहा आठवडे संपले की येतेच आहे, मीही इथेच आहे." आमच्या मुलाचा, शैलेंद्रचा आवाज फोनवर लगेच कापतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. "तुम्ही बोला. तुम्हाला जन्माचा सराव आहे."

शिबिराची गाडी रविवारी पीठ आणि डिझेल आणायला गावात जायची. तिथे फोन लागायचा. आपल्याकडे दुपारचे चार वाजलेले असायचे. पहिले दोन रविवार अरुणा स्वतः बोलली. झेब्र्यांचे पट्टे, हत्तींच्या फाटक्या कानांवरून त्यांना ओळखणं, सगळं नीट ऐकून घेतलं. तिसऱ्या रविवारी तिच्या तोंडून आवाज फुटेना. मी म्हणालो, "आजी तिच्या मैत्रिणीकडे, वीणाकडे भजनाला गेलीय."

"बरं," गार्गी म्हणाली आणि जिराफांकडे वळली.

प्राणी नव्हता, म्हणून खरं. इतकं सोपं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चौथ्या रविवारी अरुणा हॉस्पिटलमध्ये होती. सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता दिवाळी नाही, दिवस मोजायचे. मी आत येऊन म्हणालो, "अगं, बोलावू या तिला."

तिनं माझं बोट धरलं. "नाही. शब्द द्या."

दिला.

"आणि थाप सरळ मारा. तुमचे प्राणी नकोत."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माझ्या सगळ्या पळवाटा तिला पाठ झाल्या होत्या.

चार वाजता मी कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या मशीनपाशी, फोन घेऊन उभा होतो. शब्द दिला होता. पण एक प्राणी घातला की पोरीला कळणार होतं, आणि मी काही सांगितलंही नसतं.

"आजोबा! आजी कुठंय?"

"उबीन बेटावर गेलीय. बाबाबरोबर." मी दाराकडे पाठ केली. "आणि काय झालं माहितीय? आजी बोटीतून उतरते तर काय, धक्क्यावर रानडुक्कर!"

पलीकडे नुसता वारा. मला वाटलं, कळलं. मी भिंतीला टेकलो.

"खरंच?" ती किंचाळली. "किती? पिल्लं होती?"

"पा... पाच."

"अंगावर पट्टे?"

"होते."

"कुठल्या बाजूला गेली?"

"मागे. झाडीत."

"वेळ?"

"सव्वादहा."

"आजोबा, आजीनं काय भारी नोंद केली! थांबा, वहीत लिहिते. तिला सांगा, मी आले की आम्ही दोघी जाणार. नेमकी जागा दाखवायची म्हणावं."

फोन तुटला. परत लावता आला असता. गाडी तासभर तरी गावात थांबते, मला ठाऊक होतं. मी फोन खिशात घातला आणि आत गेलो.

अरुणानं डोळे उघडले. "काय सांगितलंत?"

"तू उबीनला गेलीस म्हणून."

ती जराशी हसली. मग म्हणाली, "प्राणी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर ती बोललीच नाही, बुधवारी दुपारी ती गेली.

शैलेंद्र शिबिराला फोन लावत राहिला. तिकडे पावसानं ओढा भरला होता, गाडी अडकली होती. निरोप गुरुवारी पोहोचला, गार्गी शनिवारी. तोवर मंडाईच्या स्मशानात सगळं उरकलं होतं. अस्थी तेवढ्या तिच्यासाठी ठेवल्या होत्या.

रविवारी सकाळी आम्ही चांगीच्या धक्क्यावरून बंबोटीनं निघालो. ती इथली लाकडी मोटारबोट, तिनंच लोक सायकली घेऊन उबीनला जातात. गार्गी उन्हानं काळवंडली होती, बुटांच्या शिवणींत अजून लाल माती होती. तिनंच अस्थी सोडल्या, फुलं सोडली. समोर उबीनची हिरवी कड दिसत होती. बराच वेळ तिकडे बघून तिनं पिशवीतून वही काढली.

"'रानडुक्कर. मादी एक, पिल्लं पाच. सव्वादहा. निरीक्षक, आजी.'" तिनं वाचलं. "आजोबा, हे खरं होतं?"

"नाही."

"म्हणजे खूण होती."

"हो."

"मला कळलीच नाही. उबीनवर रानडुकरं असतातच ना! पोहतसुद्धा येतात. पहिल्या वर्षाला आम्ही त्यांच्यावर निबंध लिहिलाय." तिचा आवाज चढला. "तुम्ही सिंह का नाही म्हणालात? सिंह म्हणाला असतात तर मी तशीच विमानतळावर गेले असते. मंगळवारी इथे असते!"

शैलेंद्रनं तोंड पाण्याकडे फिरवलं.

आजीनं शब्द घेतला होता, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण पोर माझ्याकडे बघत होती.

"सिंह ओठांवर आला होता," मी म्हणालो. "सिंह म्हणालो असतो तर तुला कळलं असतं. मग तू विचारलं असतंस, आणि मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं असतं. म्हणून डुक्कर. उबीनवर डुकरं आहेत, मला माहीत होतं."

तिनं वही मांडीवर ठेवली. शिबिराच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिनं पेन काढलं. मला वाटलं, डुकरं गेली. तिनं रेघ मारली ती 'आजी' या शब्दावर, आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"तुमचं नाव लिहा."

बोट हलत होती. लिहिलं कसंबसं. पाचही पिल्लं तशीच राहिली.

परतताना ती पुढच्या टोकाला जाऊन बसली. धक्का जवळ आल्यावर मागे न वळता तिनं विचारलं, "आजी शेवटचं काय बोलली?"

"'प्राणी?' असं विचारलं तिनं मला."

"मग?"

"मी नाही म्हणालो."

बोट धक्क्याला लागली. पायरीवर शेवाळ होतं. गार्गी आधी उतरली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि माझ्याकडे न बघता तिनं हात मागे केला.