तिने रोखलेला श्वास

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर ऐकून ऐकून थकलो आहे.

कारखान्यातून मी थेट एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आलो. भिंतींना स्पंज, एका बाजूला जाड काच आणि पंखा नाही, कारण पंख्याची घरघरही मला ऐकू येते. सुरुवातीला साबणाच्या जाहिराती केल्या, मुलांच्या गोष्टी केल्या. काचेपलीकडे यंत्रापाशी बसणारे काका म्हणायचे, "इतक्या तिखट कानाचा माइक दुसरा नाही." रोज मऊ फडक्याने ते मला पुसत.

मग व्हिडिओ गेम आले. त्यांतल्या नायिकांना बोलायला फारसं नसेच. उडी मारताना आरोळी, तलवार चालवताना आरोळी, पडताना किंकाळी. चेहरे वेगवेगळे असतील, मला ते दिसत नाहीत. आवाज मात्र सगळ्यांचा एकच.

अशाच एका गेममधल्या सैनिक बाईचा आवाज द्यायला ताई येऊ लागल्या. वय पंचेचाळिशीचं. आल्या की बांगड्या काढून ठेवायच्या, कोमट पाण्याचा घोट घ्यायच्या आणि तासन्‌तास ओरडायच्या. तीन दिवसांत त्यांचा घसा पार बसला.

चौथ्या दिवशीचा प्रसंग असा होता : जखमी भावाला उचलून नायिका बर्फातल्या पायऱ्या चढते. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाले, "ताई, इथे डरकाळी हवी. बाई कणखर वाटली पाहिजे, दमलेली नको."

ताईंनी आठ वेळा डरकाळी फोडली. आठही वेळा दिग्दर्शक "नाही" म्हणाले. मग ते काकांना हळूच म्हणाले, "उद्या दुसरीला बोलावू या." पण काचेपलीकडून आत बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. ताईंच्या कानावर ते शब्द स्वच्छ पडले.

त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं,

"साहेब, हिच्या भावाचं वजन किती असेल?"

"असेल साठेक किलो. का?"

"माझे वडील बासष्ट किलोंचे आहेत. त्यांना रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत मीच बसवते. उचलताना ओरडले तर हात सुटतील माझे." मग त्यांनी काकांना हाक मारली. "काका, जरा आत या. या खुर्चीत अंग सैल सोडून बसा."

काका यंत्र चालू ठेवूनच आत आले. "अगं, माझं पोट बघ आधी," ते बिचकून म्हणाले.

"वडिलांनाही आहे."

ताईंनी पाय रोवले. एक श्वास आत घेतला आणि मग काहीच नाही. किती तरी वेळ काहीच नाही. गुडघा कट्‌कन वाजला. अगदी खालच्या सुरात त्या म्हणाल्या, "धरा मला. झालंच आता." काकांना परत खुर्चीत ठेवलं, तेव्हा तो रोखलेला श्वास थरथरत बाहेर पडला.

काका खुर्चीतून उठलेच नाहीत.

"हेच ठेवू," शेवटी दिग्दर्शक म्हणाले. "अजून एकदा कराल? जास्तीचं हाताशी असू द्या."

"सकाळी एकदा झालंय, हे दुसरं," ताई म्हणाल्या. "तिसरं आज नाही जमायचं."

दुसरी कोणी आली नाही. शेवटपर्यंत काम ताईंनीच केलं. बाकीच्या आरोळ्या तशाच राहिल्या, मित्रांनो, खोटं कशाला सांगू. पण त्या पायऱ्यांवर ती सैनिक बाई एक शब्द न ओरडता भावाला वर नेते, आणि तेवढ्यापुरती तरी ती मला खरी वाटते.

पुढे काका निवृत्त झाले. नव्या माणसाने नवा माइक आणला. मी कपाटात पडलो आहे, जाळीवर धूळ आहे, आणि माझी वायर कुणीतरी वेडीवाकडी गुंडाळून ठेवली आहे. मला पुसलंत तर बरं वाटेल, पण तेवढ्यासाठी मी बोलत नाही.

तुमच्यातलं कुणी उद्या गोष्ट लिहील, कुणी गेम बनवील. त्यातली बाई कणखर असू द्या, जरूर असू द्या. पण ती काय पेलते ते आधी ठरवा, मग तिचा आवाज ठरवा. आणि ओझं खाली ठेवल्यावर तिला घटकाभर दम खाऊ द्या. तेवढ्याने ती दुबळी होत नाही.