गोंदाचा वास

भुशाच्या पोत्यात झटकन चिकटणाऱ्या गोंदाची पहिली रिकामी नळी सापडली, तेव्हा रंगरावांनी ती उचलून बाजूला फेकली. दुसऱ्या दिवशी त्याच पोत्यात सहा सापडल्या. त्या मात्र त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून ठेवल्या.

रंगराव धामणगाव बढ्यातले जुने कातारी. खरादावर लाकूड फिरवायचं, पटाशीनं त्याला घाट द्यायचा आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवायचा, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. पुढं कंबर धरली आणि खरादापुढं बसणं सुटलं. मुलगा शेखर एसटीत ड्रायव्हर, त्याला लाकडाची गोडी कधी नव्हतीच. खरादावर बसली ती सून, प्राची. चिखलीची पोर, लग्नाला तीन वर्षं झालेली, हात हलका. तिनं मागच्या खोलीत विजेवरचा छोटा खराद बसवून घेतला आणि पाहता पाहता लाटणं काय, करंडा काय, सगळं काढू लागली. रंगराव ओट्यावर बसून लोकांना सांगायचे, "आमच्या सुनेचा हात पाहा."

पण दिवाळीनंतर मागच्या खोलीचं दार आतून लागायला लागलं.

दार लागलं की खरादाचा आवाज यायचा, मग तो थांबायचा, मग फटीतून एक वास यायचा. लाखेचा वास रंगराव झोपेतही ओळखतील. हा तसला नव्हता. नाकात शिरून डोळ्यांना झोंबणारा होता. तासाभरानं प्राची बाहेर यायची ती लाल डोळ्यांनी, नाक ओढत. बोटांच्या टोकांवर पांढरी सालपटं. जेवायला वाढताना एकदा तिच्या हातून वरणाची वाटी सांडली, तेव्हा रंगरावांनी बायकोकडं पाहिलं. अंबूबाईंनी पाहिलंच नाही असं दाखवलं.

खिळे आणायला म्हणून ते गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर दुकानदार हसत म्हणाला, "सूनबाई हप्त्याले डझनभर नळ्या नेते, काका. गावाच्या चपला जोडून राह्यली का काय?"

रंगराव हसले नाहीत. कुठल्याशा बसस्टँडमागं त्यांनी नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन चिंधीवर ओतून नाकाशी धरणारी माणसं पाहिली होती. डोळे असेच लाल. घरी येईपर्यंत त्यांच्या मनात सगळं जुळून बसलं होतं.

"इचारा ना तिले सरळ," अंबूबाई म्हणाल्या.

"इचारून कोनी हो म्हनते काय?"

त्या दुपारी त्यांनी दाराच्या फटीला डोळा लावला. प्राची पाठमोरी उभी होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. एका हातात नळी, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. तिनं नळी कागदावर पिळली, कागद वर उचलला आणि मान वळवून घेतली. पुढचं तिच्या पाठीआड गेलं. रंगरावांना पुढचं पाहायची गरजही वाटली नाही.

शेखर ड्युटीवरून आला, तसा त्यांनी त्याला अंगणातच गाठलं आणि सोगा सोडून नळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. काय सांगायचं ते सांगितलं. शेखर आधी म्हणाला, "काहीतरीच काय, बाबा." मग नळ्या मोजल्यासारखं करत उभा राहिला. मग आत गेला आणि त्यानं बायकोची पिशवी खाटेवर उपडी केली. आणखी आठ नळ्या पडल्या, भरलेल्या.

"हे काय हाय?"

"गोंद हाय," प्राची म्हणाली. "लाकडाले लावते."

"लाकडाले?" दारातून रंगराव बोलले. "काय जोडून राह्यली तू? करंडा अखंड असते, लाटनं अखंड असते. जोड कुठी हाय?"

"जोडत नाई, मामाजी. वरून लावते. चमक येते. पानी लागलं तरी जात नाई."

"गोंद जोडाले असते, पोरी. लाकडाच्या वरून गोंद कोन लावते? चाळीस वर्सं झाले मले, मी नाई आयकलं."

प्राचीनं फळीवरून खरादावर केलेलं एक पेन काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मोताळ्याच्या एका शाळेनं निरोपसमारंभासाठी वीस पेनं मागितली होती, ती कालच पोचती झाली होती. हे एक उरलेलं. रंगरावांनी ते उजेडात धरलं. काचेसारखं गुळगुळीत, थेंब ओघळून थिजावा तशी चमक. नखानं टोकरलं, ओरखडा उठेना. अशी चमक लाकडाला येत नाही, हे त्यांना आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"हे बजारातलं प्लास्टिक हाय," ते शेखरला म्हणाले.

त्या एका वाक्यानं शेखरचा तोल गेला. बापाला दुसरं काही कळो न कळो, लाकूड कळतं, यावर त्याचा लहानपणापासूनचा भरवसा होता. तो बायकोसमोर गेला आणि म्हणाला, "तोंडाचा वास दे."

अंबूबाई "अरे शेखर" म्हणेपर्यंत प्राचीनं त्याच्या तोंडासमोर श्वास सोडला होता. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा एकदा, लांब. वास होता तो कांद्याचा आणि भाकरीचा.

"झालं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती चिखलीला माहेरी निघून गेली. जाताना सासूच्या पाया पडली. सासऱ्याच्याही पडली.

शेखर ड्युटीवर जायचा, यायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. रंगराव मात्र त्या पेनाशी बसून असायचे. वास आला नाही म्हणून काय झालं, असं त्यांचं मन म्हणायचं. पोरगी हुशार आहे, एखादा दिवस चुकवला असेल. आता हे पेन बाजारातलं निघालं की झालं, आपण खोटे नव्हतो. चौथ्या दिवशी त्यांनी चाकू घेतला आणि पेनाच्या कडेला जोर देऊन खरवडलं.

कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ, आरपार दिसणारी साल निघाली. खाली लाकूड होतं. बाभूळ. त्यात एक काळी रेघ, जुना खिळा गंजून लाकडात मुरतो तशी. रंगरावांनी चष्मा पुसला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे आरे त्यांनीच गेल्या वर्षी चुलीत घालायला दिले होते. ही रेघ त्या आऱ्याची होती.

ते उठले, मागच्या खोलीत गेले. दार त्यांनीही लावून घेतलं. का, ते त्यांचं त्यांना माहीत. खरादावर लाकडाचा एक अर्धवट गिटका चढवलेला तसाच होता. खाटेवर सांडलेल्यांतली एक नळी त्यांनी आणली होती. लाखेच्या कामाची सवय, म्हणून हाताशी आली ती जुन्या धोतराची सुती चिंधी. त्यांनी अर्धी नळी चिंधीवर पिळली, बटण दाबलं आणि चिंधी फिरत्या लाकडाला टेकवली.

क्षणभरात चिंधी निखाऱ्यासारखी तापली. पांढरा धूर उठला तो सरळ डोळ्यांत. रंगरावांनी हात मागं ओढला, पण चिंधी दोन बोटांना चिकटून बसली होती आणि भाजत होती. डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी, खोकल्यावर खोकला. कसंबसं बटण बंद करून त्यांनी कोपरानं कडी काढली.

अंबूबाई ओसरीतून धावत आल्या. नवऱ्याचे लालभडक डोळे, ओढलं जाणारं नाक आणि बोटांना चिकटलेली चिंधी, सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं.

"काय हो," त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडाचा वास घेऊ काय?"

रंगराव पायरीवरच बसले. अंबूबाईंनी कोमट पाण्यात साबण कालवला आणि बोटं त्यात धरून बसल्या. चिंधी सुटायला बराच वेळ लागला. कातडीही थोडी तिच्याबरोबर गेली. मग रंगराव आत जाऊन खरादावरचा गिटका पाहून आले. चिंधीचे धागे चिकटलेले, चट्टे पडलेले. पण जिथं गोंद सारखा बसला होता, तिथं बोटभर जागा काचेसारखी चमकत होती.

दुसऱ्या दिवशी ते बुलढाण्याला गाडी बदलून चिखलीला पोचले. व्याहीणबाईंनी पाणी दिलं आणि काही न विचारता भिंतीला टेकून बसल्या. प्राची आतून आली. तिची नजर सासऱ्याच्या पट्टी बांधलेल्या बोटांवर गेली.

"सुती चिंधी घेतली ना?"

रंगरावांनी मान हलवली.

"सुती लागलं की तापते ते, पेट घेते. कागद घ्या लागते. दोन थेंब, जास्त नाई. वाळलं की घासायचं, पुन्हा दोन थेंब. दहा-बारा हात." ती एवढं सांगून थांबली. "दार लावत होती, कारन तुमी पाह्यलं असतं तर म्हनले असते, लाख सोडून हे काय. ते चुकलं माझं. खिडकी तरी उघडी ठेवाची होती."

"पोरी, मी त्याले जे सांगितलं..."

"तुमी जे सांगितलं ते तुमाले वाटलं म्हनून सांगितलं," ती म्हणाली. "तुमी आले, बरं केलं. पन मले ज्यानं वास मांगतला त्यानं यावं."

रंगराव जेवून परतीच्या गाडीत बसले. शेखर दोन दिवसांनी सुटी टाकून गेला. तिथं काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. एवढंच कळलं, की तो गेला त्याच दिवशी ती आली नाही. तिला यायला आणखी आठ दिवस लागले. आल्याबरोबर तिनं खराद मागच्या खोलीतून उचलून ओसरीवर लावायला सांगितला, वारा खेळेल अशा जागी. तो शेखरनंच उचलला.

नवराबायकोचं बोलणं हळूहळू सुरू झालं. पण शेखर बोलायला जवळ आला, की ती अजून मान वळवते. आपण वळवतो हे तिला कळतही नसेल. शेखरला कळतं. तो दोन पावलं मागं सरून बोलतो.

रंगरावांचा संशय काही गेला नाही, फक्त जागा बदलून गोंदावर बसला. प्राचीनं केलेलं एक पेन त्यांनी महिनाभर पाण्याच्या हंड्याखाली, ओलीत ठेवलं. दुसरं पत्र्यावर, उन्हात. ओलीतलं जसंच्या तसं निघालं. उन्हातल्याला टोपणापाशी केसाएवढी चीर पडली. ती चीर घेऊन ते ओसरीवर गेले, तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांच्या चालीत जोर होता.

"पाह्य. फुटलं."

प्राचीनं पेन फिरवून पाहिलं. "लाकूड ओलं होतं, मामाजी. ते सुकून आखडलं, म्हनून वरचं फाटलं."

रंगरावांनी ते परत घेतलं, चष्म्यापाशी धरलं, चिरेवरून नख फिरवलं.

"लाख असती तर तीही फाटली असती," शेवटी ते म्हणाले, आणि कोपऱ्यातली बाभळीची सुकी खांडं एकेक करून वाजवून पाहत तिच्यासाठी वेगळी काढायला बसले.