गच्चीवरची बरणी

मालनने बरणीवरची जाळी काढली, आतलं काळं पाणी गच्चीच्या कोपऱ्यातल्या पन्हाळीत ओतलं आणि पदराचं टोक आत घालून काच पुसून काढली. मग लोट्यातलं दोन बोटं पाणी बरणीत घातलं. अगदीच स्वच्छ दिसायला नको म्हणून कठड्यावरची चिमूटभर काजळी त्यात सोडली. जाळी बसवून तिने जिन्याकडे कान लावला. कुणी नव्हतं. पहिल्या पाळीचे भोंगे अजून व्हायचे होते.

दर आठवड्याला ती हे करत होती.

दिवाळीनंतर सर्व्हेचे हेरंब साठे चाळीत आले होते. शहराच्या मध्यभागाचा नवा आराखडा व्हायचा होता. कुठे काय उभारलं तर हवा किती बिघडेल, हे त्यांच्या कचेरीला आधी तोलून पाहायचं होतं. त्यासाठी वीस ठिकाणी अशा बरण्या ठेवल्या होत्या. महिन्याभरात किती काजळी पडते ते त्यांतून कळणार होतं. मालनची खोली गच्चीच्या जिन्याला लागून, म्हणून कावळ्यांपासून आणि पोरांपासून बरणी सांभाळायचं काम त्यांनी तिच्यावर सोपवलं.

साहेब गेल्यावर दगडूने या बरणीचा अर्थ सांगितला. दगडू पोस्टात होता, चाळीचे अर्ज तोच लिहायचा. बरणी काळी निघाली की चाळीवर ‘राहण्यास अयोग्य’ असा शेरा बसेल आणि मग चाळ पाडतील, असं त्याचं म्हणणं. मागच्या गल्लीतली चाळ तशीच गेली होती. तिथली माणसं खाडीकाठी पत्र्याखाली राहत होती. त्यांच्यातली आनंदीबाई भाजीबाजारात समोर आली, तेव्हा मालनने तिला ओळखलंच नव्हतं.

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. गुणाजी गिरणीतून सुटला की समितीच्या सभेला जायचा, घरी असला की शेजाऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. त्यांची सात वर्षांची शेवंती सकाळी उठली की खोकत बसायची. तो खोकला ऐकला की मालनला बरणीतलं काळं पाणी आठवायचं. मग ती स्टोव्हला पंप जोरात मारायची.

फाल्गुनात साठे शेवटची बरणी न्यायला आले. काम संपलं होतं, ते खुशीत होते. मालनने दिलेला चहा घेत ते उंबऱ्याशी स्टुलावर बसले. आकड्यांनी त्यांनाही चकित केलं होतं. शिवाजी पार्कला त्यांच्या स्वतःच्या घरावर ठेवलेली बरणी इथल्यापेक्षा काळी निघाली होती.

मालनने भीत भीत चाळीचं विचारलं.

“चाळीला धक्का नाही, बाई. मागच्या मोकळ्या जागेत तेवढ्या लोखंड वितळवायच्या ओतशाळा येतील. गिरगावातून हलवायच्या आहेत, अकरा. इथली हवा तेवढा धूर सहज सोसेल, असं अहवालात लिहिलंय.”

आत शेवंती खोकली. मालनने दाराची चौकट धरली.

“साहेब, ती बरणी मी धूत होते.”

साठ्यांनी कप खाली ठेवला. का, म्हणून विचारलं. तिने सगळं सांगितलं. ते ओरडतील, पोलीस बोलावतील असं तिला वाटलं होतं. पण ते एकदम हळू आवाजात विचारू लागले, हे आणखी कुणाला ठाऊक आहे? दर आठवड्याला येऊन बरणी तपासल्याचं त्यांनी कागदावर लिहिलं होतं आणि आले होते फक्त महिन्यातून एकदा. साहेबच घाबरलेत हे पाहून मालन आणखीच घाबरली. अहवाल वर गेला आहे, आपल्या हातात काही नाही, हरकती महिनाअखेरपर्यंत लेखी घेतात, एवढं सांगून ते उठले. जिन्यावरून मागे वळून म्हणाले,

“माझं नाव मात्र नको, बाई.”

संध्याकाळी तिने गुणाजीला सांगितलं. पायात चपला सरकवून तो म्हणाला, चल. दोघं दगडूकडे गेली.

दगडूने हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. ओतशाळांचा धूर, पोरांचे खोकले असं लिहून झालं आणि मग मालनने बरणीचं सांगितलं. दगडूचा टाक थांबला. चळवळीत गोळीबार झाला त्या वर्षी पोलिसांनी चाळीतली नावं उतरवून नेली होती. त्यातला दत्ताराम सुटून आला तो नोकरी घालवून. तेव्हापासून चाळीच्या अर्जावर कुणाचं नाव नसायचं.

“खाली ‘समस्त रहिवासी’ लिहितो. बरणी कुणी धुतली ते कशाला, वहिनी?”

“मग ते आकडे खोटे कसे ठरतील?”

सरकारी कामात हात घातला म्हणून खटला भरतील, असं दगडू समजावत राहिला. मालन जागची उठली नाही. शेवटी दगडूने लिहिलं आणि वाचून दाखवलं, “गच्चीवरची बरणी दर आठवड्याला मी धूत होते.”

तिने अंगठ्यासाठी हात पुढे केला. गुणाजीने तो हलकेच बाजूला केला.

“‘होते’ला काना दे,” तो दगडूला म्हणाला. “‘होतो’ कर.”

मालनला वाचता येत नव्हतं. दगडूने एक लहानशी उभी रेघ ओढली आणि कागद गुणाजीपुढे सरकवला, एवढंच तिने पाहिलं.