दाराबाहेरची संचालिका

साल एकोणीसशे शहाण्णव. रविवारची दुपार होती आणि आमच्या कंपनीची सभा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली होती. संचालक दोनच, हे आणि मी.

"ऊठ, बाहेर जा," हे म्हणाले.

"कुठं?"

"जिन्यात. ठराव तुझ्या नावाचा आहे. ज्याचा फायदा त्यानं मत द्यायचं नसतं."

"नाही देत मत. पण भाजी करपली तर?"

"गॅस बंद कर आणि जा."

पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून देण्याचं आमचं दुकान. हिशेबनिसांच्या सल्ल्यानं त्याची कंपनी झाली आणि दुसरा संचालक लागतो म्हणून माझं नाव चढलं. नाव कागदावर असलं तरी हात तांब्याच्या तारेवरच होते. चौदा वर्षं कॉईल मी गुंडाळत होते. लाकडी दांड्याचं हातयंत्र फिरवायचं आणि वेढे तोंडानं मोजायचे. मध्ये कुणी बोललं की मोजणी चुकली, पुन्हा एकपासून सुरुवात. म्हणून मी मोजत असताना कुणी हाक मारायची नाही, असा यांचा दुकानात दंडक होता. बोटांना तारेचे चरे पडले होते. या वर्षीच्या नफ्यातून विजेवरचं यंत्र घ्यायचं, असा धोशा मी वर्षभर लावला होता. यांनीही मान डोलावली होती.

आणि आता तोच सगळा नफा माझ्या पेन्शनमध्ये भरायचा ठराव! आदल्या दिवशी हिशेबनीस समजावून गेले होते. "कंपनी संचालकासाठी पेन्शन भरू शकते, वहिनी. पण संचालक म्हणजे मालकाची बायको असली की करवाले विचारतात, ही बाई खरंच काम करते की नुसतं नाव लावलंय? तेव्हा तुम्ही काय काय करता ते सभेच्या वहीत लिहून ठेवायचं."

"पंचेचाळिशीतच मला म्हातारी करायला निघालात?" मी दारातून म्हटलं. "आधी यंत्र घ्या. माझी बोटं बघा जरा."

यांनी बघितली. नीट, बराच वेळ. मग वही पुढे ओढली. "जा म्हटलं ना."

जिन्यात शेजारीण भेटली. "काय हो, घराबाहेर काढलं की काय?"

"संचालक मंडळानं," मी म्हटलं. ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

आत बोलावलं तेव्हा यांनी पानभर लिहून ठेवलं होतं. "वाच."

"वाचायचं काय त्यात? ठरलंय ना तुमचं!" मी खाली सही ठोकली आणि गॅस पेटवला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी कामापुरतंच बोलले. हे मागे येऊन उभे राहायचे. यांची चाहूल लागली की मी मुद्दाम मोठ्यानं वेढे मोजायला लागायची. हे थोडं थांबायचे आणि निघून जायचे. स्वतःचा दंडक यांनी एकदाही मोडला नाही.

चौथ्या महिन्यात हे गेले. पोटातलं दुखणं डॉक्टरांनी सभेच्या आठ दिवस आधीच सांगितलं होतं. हिशेबनिसांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

"मला शपथ घातली होती त्यानं, वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि मत न देण्याचा नियम खरा. पण घराबाहेर जायचा नाही हो. तो त्यानंच काढला. तुमच्यासमोर लिहायला जमलं नसतं म्हणाला."

पुढे नऊ वर्षं मी दुकान चालवलं, मग विकलं. घेणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात यंत्र बसवलं. शेजारीण लेकीकडे राहायला गेली. हिशेबनीसही आता नाहीत. पेन्शन दर महिन्याला येते. कुणापुढे हात पसरावा लागला नाही. हातयंत्र माझ्या खिडकीत आहे, दांडा अजून फिरतो.

सभेची वही हिशेबनिसांच्या कपाटात होती. दुकान विकताना ती परत आली, तेव्हा ते पान मी पहिल्यांदा वाचलं. यांचं ते गिचमिड अक्षर.

"संचालिका कॉईल गुंडाळते. फोन घेते. गिऱ्हाईक अंगावर आलं तर ती पुढे होते, मी मागे राहतो. चौदा वर्षांत रजा नाही. तिची बोटं या कंपनीनं झिजवली. पुढे तिला दुसऱ्या कुणाकडे कामाला जावं लागू नये."

त्याखाली माझी सही आहे. इतकी दाबून केलेली, की शेवटच्या रेघेपाशी कागद फाटला आहे.